माझा मुलगा बघ्या निघाला

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ११:०५

इथे एरवी वाचनमात्र असते. आज झोप लागत नाहीये म्हणून धागा काढतेय.

मुलगा आठवीत आहे. त्यांच्या वर्गाचे व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप आहेत, एक सर असलेला आणि एक सर नसलेला. पहिल्यात गृहपाठ येतो, बाकी सगळं दुसऱ्यात. गेल्या महिन्यात शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. वर्गातला एक मुलगा (इथे त्याला चिनू म्हणू) चौथ्या वाक्याला अडकला. माईक हातात धरून तसाच उभा राहिला आणि मग रडला. पालकांपैकीच कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. त्यातला एक क्षण कापून त्याचा स्टिकर झाला. रडवेला चेहरा आणि खाली अक्षरं, "पुढचं आठवेना".

तीन आठवडे तो स्टिकर प्रत्येक गोष्टीला उत्तर म्हणून चालतोय. गणिताचा पेपर कसा गेला? स्टिकर. डब्यात काय आहे? स्टिकर. भारत हरला, स्टिकर. चिनू स्वतः त्याच ग्रुपात. दोनदा त्याने "बास ना यार" लिहिलं, त्यावर अठरा जणांनी तोच स्टिकर टाकला. त्याने ग्रुप सोडला, त्याला परत ॲड केलं. पुन्हा सोडला, पुन्हा ॲड. आता आठ दिवस तो शाळेत येत नाहीये.

मला कळलं ते योगायोगाने. माझा फोन चार्जिंगला होता म्हणून मुलाच्या फोनवरून नणंदेला फोटो पाठवत होते. मग वर वर सरकवत गेले. माझ्या मुलाने तो स्टिकर एकदाही टाकलेला नाही. पण हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा असतो ना, तो अकरा वेळा टाकलाय. मोजले मी. चिनू आणि हा सहावीपर्यंत एका बाकावर बसायचे. आमच्याकडे होळीला जेवायला असायचा तो.

विचारलं तर म्हणाला, "मी काय केलं? मी तर काहीच टाकलं नाही. सगळेच हसत होते." सरांशी बोलते म्हटल्यावर मात्र रडकुंडीला आला. "आई, मला चुगलखोर म्हणतील. तुला माहीत नाही तिथे काय होतं."

त्रास देणाऱ्याच्या आईने काय करायचं ते लोक सांगतात, त्रास होणाऱ्याच्या आईलाही सांगतात. बघ्याच्या आईने काय करायचं?

---

खडीसाखर | शुक्रवार, रात्री ११:२०

अकरा मोजलेत, इथेच निम्म्या पालकांच्या पुढे आहात. वाचतेय.

---

जुना_खोडरबर | शनिवार, सकाळी ६:४०

रागावू नका, पण हल्ली सगळ्याचाच बाऊ होतो. आमच्या वर्गात जाड्या होता, ढापण्या होता, एक काळू होता, बोबड्याही होता. सगळ्यांची टोपणनावं होती. मास्तरसुद्धा त्याच नावांनी हाका मारायचे. कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं नाही. आज सगळे मजेत आहेत, गेट टुगेदरला येतात, मिठ्या मारतात. मुलांना जरा कणखर होऊ द्या.

---

चष्मिष्ट | शनिवार, सकाळी ७:१५

@जुना_खोडरबर, मी तुमचा ढापण्या नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी शाळेतला आहे. चौथी ते दहावी मला कुणी नावाने हाक मारली नाही. शाळेच्या गेट टुगेदरला एकदा गेलो होतो. दारातच "आला रे ढापण्या" झालं, मीही हसून मिठी मारली. पुढच्या वेळी "ऑफिसमधून सुट्टी नाही" म्हणून कळवलं. तेव्हापासून दर वेळी सुट्टी नसते.

तुमच्या गेट टुगेदरला जे येत नाहीत त्यांची यादी केलीत का कधी?

---

खडीसाखर | शनिवार, सकाळी ७:३१

+१००. आणि तो काळू आता मजेत आहे हे काळूने सांगितलं की तुम्ही ठरवलं?

---

चावट_चकली | शनिवार, सकाळी ८:०२

सकाळी सकाळी पोह्यांबरोबर हा धागा उघडला, पोहे गार झाले. शंभरी गाठणार असं दिसतंय.

---

शाळाताई | शनिवार, सकाळी १०:३०

मी डोंबिवलीत समुपदेशक आहे, तीन शाळांत आलटून पालटून जाते. खोडरबरकाकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, कारण प्रत्येक चिडवाचिडवी म्हणजे छळ नव्हे. नॉर्वेत या विषयावर आयुष्यभर काम केलेले डॅन ओल्वेउस तीन खुणा सांगायचे: पुन्हा पुन्हा होणं, मुद्दाम होणं आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असणं. दोन मित्र एकमेकांना जाड्या-काड्या म्हणतात ती मस्ती. ज्याला उलटून काही म्हणायची सोयच नाही त्याला सगळे मिळून म्हणतात, तो छळ. चिनूने "बास ना" म्हटलं आणि अठरा स्टिकर आले, म्हणजे तिन्ही खुणा आहेत.

आता बघ्यांबद्दल. कॅनडात टोरांटोच्या प्राथमिक शाळांमध्ये मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर माईक लावून एक अभ्यास झाला होता, २००१ साली प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. आणि कुणी मध्ये पडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. हा आकडा मी प्रत्येक पालकसभेत सांगते. सगळे माना डोलावतात आणि मग सहामाहीच्या मार्कांबद्दल विचारतात.

मध्ये न पडणारी मुलं निर्दय असतात असं मला अजिबात दिसत नाही. एकेकट्याला खोलीत बसवलं की सगळी म्हणतात, "मॅम, मला आवडत नव्हतं." मग हसलास का? "नाही हसलो तर पुढचा नंबर माझा." आठवीच्या पोराचं हे गणित चुकीचं नसतं हो. वर्गात आपली जागा कितवी आहे ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी ११:१२

हे मानसशास्त्रात जुनंच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा खून झाला, ३८ शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिला आणि एकानेही फोन केला नाही. माणूस मुळातच असा आहे. मुलांना काय दोष देता?

---

पुणेरी_पाटी | शनिवार, सकाळी ११:४०

@शंकासुर, ३८ची गोष्ट तशी घडलीच नव्हती. सगळा हल्ला पाहिलेले साक्षीदार फार थोडे होते, पोलिसांना फोनही गेला होता, आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन तिला धरून बसली होती. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी गाजवली त्यानेच २०१६ साली ती सदोष असल्याचं छापलं. आपण मात्र अजून ती पुढे ढकलतोय. स्टिकरसारखीच.

त्या बातमीवरून डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये जो प्रयोग केला तो मात्र खरा आहे. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा एकटाच आहे असं त्याला वाटत होतं तेव्हा ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. आठवी 'ब'च्या ग्रुपात किती जण आहेत?

---

गोदाकाठ | शनिवार, दुपारी १२:०५

त्रेपन्न.

---

काडेपेटी | शनिवार, दुपारी ३:५०

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

मी त्रास देणाऱ्यांतला. साल १९९६, विदर्भातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, नाव सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनी आमच्यासमोर शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं असा नियम होता. रात्री अकरानंतर हॉस्टेलचा कॉरिडॉर काडेपेटीच्या काडीने मोजायला लावायचो. किती काड्या भरल्या ते सांगायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आयडीचं मूळ तेच आहे. दहा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा मला तो विनोदी वाटला होता.

मोजणाऱ्या पोराकडे मी बघायचोच नाही. मी बघायचो दारांत उभ्या असलेल्या माझ्या बॅचच्या पोरांकडे. ते हसले की पुढचं सुचायचं. एकदा आमच्यातलाच एक जण, अकोल्याचा, जांभई देत म्हणाला, "झोपू दे ना बे त्याले, सकाळी प्रॅक्टिकल आहे." एवढंच. मी त्या पोराला उठवलं आणि आम्ही सगळे झोपायला गेलो. त्या अकोलेकराला आपण काही थोर केलंय असं वाटलंही नसेल. पण त्या रात्री पुढे मजाच राहिली नाही.

सायलीताई (नाव जुन्या धाग्यात वाचलंय, चालेल ना?), तुमच्या मुलाचे अकरा पिवळे चेहरे मला त्या दारांतल्या पोरांसारखे वाटले. टोचावं म्हणून लिहीत नाहीये. पण "मी काहीच केलं नाही" हे त्याला खरं वाटत असलं, तरी ज्याच्यासाठी ते हसू होतं त्याला ते पोचलं होतं.

---

खडीसाखर | शनिवार, दुपारी ४:१०

आयडी बदला की मग.

---

काडेपेटी | शनिवार, दुपारी ४:२२

असू द्या. आठवण राहते.

---

काळा_कोट | शनिवार, सायंकाळी ६:००

काडेपेटी, तुम्ही थोडक्यात सुटलात. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसऱ्या संस्थेतही प्रवेश नाही. देशपातळीवर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम आले २००९ साली, हिमाचलातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर. मदतक्रमांक १८००-१८०-५५२२, कॉलेजात मुलं असलेल्यांनी टिपून ठेवा.

या धाग्याशी संबंधित गंमत अशी, की १९९९च्या कायद्याने एका बघ्याला नेमकं पकडलंय. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. हयगय केली तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं मानलं जातं. म्हणजे खुर्चीत बसून बघणं हाही गुन्हा. आता प्राचार्य बघ्यांपैकी किती जणांवर अशी कारवाई झाली, हे विचारू नका.

शाळकरी मुलांच्या ऑनलाईन प्रकाराला मात्र एक सरळसोट कलम नाही. अश्लील किंवा खाजगी फोटो असेल तर आयटी कायदा आणि पॉक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागतात, आणि तिथे नुसतं पुढे पाठवणाराही अडकतो, हे पोरांना स्पष्ट सांगा. चिनूच्या स्टिकरला त्यातलं काही लागणार नाही. लहान मुलांसाठी १०९८ आहे. पण या प्रकरणात वकील म्हणून माझा सल्ला असा, की वकिलाकडे जाऊ नका.

---

चावट_चकली | शनिवार, सायंकाळी ६:१८

वकिलाने फुकट सल्ला दिला आणि तोही हा! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

---

रानवारा | शनिवार, रात्री ९:३०

सगळे स्टिकरबद्दल बोलताय. चिनूच का, हे कुणी विचारत नाहीये. अडखळणारी पोरं पुष्कळ असतात. त्यातल्या कुणाचा स्टिकर होतो?

मी लातूर जिल्ह्यातून अकरावीला पुण्यात आले. पहिल्या दिवशी "पाणी" म्हणाले की "पानी", आता आठवत नाही, पण मागून चार आवाज आले. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. पुढे कॉलेजच्या हॉस्टेलवर मार्क किती हे कुणी विचारायचं नाही, "कॅटेगरी कोणती?" विचारायचे. नाव सांगितलं की आडनाव विचारायचे, आडनावावरून नाही कळलं की गाव. तिथेही "आम्ही तर गंमत केली" असंच होतं. जो आधीच कडेला उभा असतो त्यालाच धक्का लागतो. चिनूच्या घरचं काय आहे ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही, पण सायलीताई, तुमच्या मनात तरी हा प्रश्न असू द्या.

---

बाणेदार | शनिवार, रात्री ९:४५

झालं! प्रत्येक धाग्यात जात आणायचीच का? मुलांना जात कळत पण नाही.

---

रानवारा | शनिवार, रात्री ९:५२

मुलांना नाही कळत? मला सहावीत कळवली होती. पोरांनीच.

---

संपादक | शनिवार, रात्री १०:३०

यानंतरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचं काश्मीर (म्हणजे रणांगण) करू नये. शाळेचं, मुलांचं खरं नाव कुणीही लिहू नये. सायली यांना विनंती, स्टिकरचं चित्र दाखवण्याची मागणी एका सदस्याने केली होती, ती कृपया मनावर घेऊ नये.

---

खडीसाखर | शनिवार, रात्री १०:४१

स्टिकर बघायचा होता?? या धाग्यावर??

---

तुर्कूकर | रविवार, पहाटे ३:१५ (तुमची पहाट, आमची मध्यरात्र)

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात राहतो, मुलगी पाचवीत आहे. इथे शाळांमध्ये 'किवा' नावाचा कार्यक्रम चालतो. फिनिशमध्ये 'किवा' म्हणजे 'छान', आणि 'छळाच्या विरुद्ध' या दोन फिनिश शब्दांची आद्याक्षरंही तीच. तो बेतला आमच्याच तुर्कू विद्यापीठात, ख्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. देशभर सुरू झाला २००९ मध्ये. मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारे शिक्षक झगझगीत रंगाची जाकिटं घालतात, त्यावर 'किवा' लिहिलेलं असतं. मुलीला ते रस्ता दुरुस्त करणारे वाटायचे.

साल्मिवाल्ली यांनी १९९६ सालीच वर्गाची विभागणी करून दाखवली होती. छळणारा, त्याचे हस्तक, हसून खतपाणी घालणारे, बाजूला राहणारे आणि पाठराखण करणारे. 'बघे' हा एक गठ्ठा नाहीच. सायलीताईंचा मुलगा स्वतःला 'बाजूला राहणारा' समजतोय, पण तो 'खतपाणी'मध्ये आहे. किवाचा सगळा भर या मधल्या मुलांवर. दादाला सुधारणं कठीण असतं, त्याचे प्रेक्षक कमी करणं त्यामानाने सोपं.

इथे स्वर्ग आहे असं नाही. कार्यक्रमाचा परिणाम मोजला गेलाय, तो आहे, पण जादू नाही. मुलीच्या वर्गात मागच्या वर्षी एका मुलीला वाढदिवसाला न बोलावण्याचा कट शिजलाच. जाकिटवाल्या शिक्षकांना वाढदिवस दिसत नाहीत.

---

जुना_खोडरबर | रविवार, सकाळी ६:३५

याला आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात. त्याच्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे, सामाजिक बहिष्काराचा, २०१६चा. वाढदिवसाला लागू होतो का ते काळा_कोट सांगतील.

(आणि चष्मिष्ट, काल दुपारी मी यादी केली. सहा नावं निघाली. त्यातली चार टोपणनावंच आठवली, खरी नावं आठवेनात.)

---

चष्मिष्ट | रविवार, सकाळी ७:०५

काका, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

---

गुर्जी | रविवार, सकाळी ११:००

झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे, कारखान्याच्या पट्ट्यात. दिवाळीनंतर बीडकडचे ऊसतोड कामगार येतात, त्यांची काही पोरं हंगामापुरती आमच्या वर्गात बसतात. गावातली पोरं त्यांना "कोयत्याची" म्हणतात. बाकावर जागा देत नाहीत, खाली बसवतात.

तीन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा चौथीत आला. पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, "सर, आज खिचडी कामून नाही?" 'कामून' म्हणजे 'का', त्यांच्याकडे सर्रास बोलतात. मला त्या शब्दाची गंमत वाटली. मी तो तसाच उच्चारून दाखवला, "कामून?" वर्ग हसला. मीही हसलो. वाईट हेतू शून्य.

त्या दिवसापासून मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (म्हणजे ऊसाचा हंगाम संपेपर्यंत) त्या पोराचं नाव 'कामून' झालं. मी रागावलो, छडी आपटली, काही उपयोग नाही. पोरं म्हणायची, "सर, तुम्हीच म्हणला हुता की." मध्यान्ह भोजनाच्या वहीत त्याच्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलने 'कामून' लिहिलं होतं. ते मी खोडलं, पण ठसा राहिला.

शाळाताई बरोबर बोलल्या. पण पालकांपेक्षा आधी शिक्षक काय करतो ते पोरं बघतात. आणि दुसरं, 'चुगली' हा शब्द आम्हीच शिकवलाय. पहिलीतलं पोर सांगायला आलं की आम्ही म्हणतो, "चहाड्या सांगू नको, जा बस जागेवर." तेच आठवीत गप्प बसलं की विचारतो, "आधी का नाही सांगितलंस?"

---

रानवारा | रविवार, सकाळी ११:२०

गुर्जी, 'कामून' आम्ही पण म्हणतो. आज बऱ्याच वर्षांनी लिहिलेला बघितला.

---

चावट_चकली | रविवार, दुपारी १:१०

अवांतर: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक भाडेकरू आजोबा आहेत. रोज 'सुप्रभात' टाकतात, टायपिंगच्या चुकांसकट. आमच्या काही महान सदस्यांनी त्या चुकांचा संग्रह करून दुसरा ग्रुप काढलाय, 'आजोबा नसलेला'. मी त्यात आहे. पिवळे चेहरेही टाकलेत. मोजायची हिंमत झाली नाही.

२०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या ओठांवरच्या लवीवरून देशभर टवाळी चालली होती, ती काय आठवीतली पोरं करत होती? चांगली बापई माणसं होती, डीपीला देव लावलेली.

---

बाणेदार | रविवार, दुपारी १:३०

मोबाईलच काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद केलाच ना डिसेंबर २०२५ पासून.

---

शाळाताई | रविवार, दुपारी २:००

त्या बंदीच्या यादीत व्हॉट्सॲप नाही बाणेदार. चिनूचा स्टिकर तिथेही फिरला असता.

फोनचा एक फरक मात्र खरा. पूर्वी साडेपाचला घंटा झाली की त्रास शाळेतच राहायचा. आता तो पांघरुणात येतो. आणि वर्गात समोरच्याचं तोंड उतरलेलं दिसतं, फोनवर फक्त आपल्यासारखेच हसणारे पिवळे चेहरे दिसतात. म्हणून मुलं खरंच म्हणतात, "त्याला एवढं लागलं असेल असं वाटलं नाही."

सायलीताई, सरांना भेटाच, पण आधी मुलाला सांगून भेटा. त्याच्या पाठीमागे नको. सरांना दोन गोष्टी बजावा: कुणी सांगितलं ते वर्गात येता कामा नये, आणि चिनूला सगळ्यांसमोर उभं करून माफीनाट्य नको. चिनूच्या आईला फोन करा. आणि मुलाला "वर्गाविरुद्ध उभा राहा" असं सांगू नका, ते आपल्यालाही जमत नाही. पिवळा चेहरा टाकायचा नाही, इथून सुरुवात. चिनूला एकट्याला एक ओळ पाठवता आली तर फार झालं.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. काडेपेटी आणि गुर्जींचे प्रतिसाद मुलाला वाचायला दिले. गुर्जींचा वाचून म्हणाला, "सरांची चूक नव्हती, पण होती." मग आत जाऊन झोपला. उद्या शाळेत जातेय, त्याला सांगितलंय.

---

खडीसाखर | पुढचा आठवडा, गुरुवार

सायली, काय झालं?

---

चावट_चकली | त्यापुढचा सोमवार

धागा वर काढतोय. (त्या दुसऱ्या ग्रुपातून बाहेर पडलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आजोबांना आज सुप्रभातला उत्तर दिलं, तर त्यांनी लगेच फोन केला आणि चाळीस मिनिटं बोलले. हे परिणाम कुणी सांगितले नव्हते.)

---

गोदाकाठ | त्याच सोमवारी, रात्री ११:४०

उशीर झाला, माफ करा. घडलं ते सरळ नाही घडलं.

सरांना भेटले. चांगले आहेत, ऐकून घेतलं, शाळाताईंच्या दोन्ही अटी सांगितल्या. त्यांनी चिनूला उभं केलं नाही. पण वर्गात म्हणाले, "एका जबाबदार पालकांनी मला तुमचा ग्रुप दाखवला." बस. मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी शोध लावला. मला गेटवर दोघांनी पाहिलं होतं. संध्याकाळी सर नसलेल्या ग्रुपात नवीन स्टिकर आला. माझ्या मुलाचा, बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला, उंदीर झालेला फोटो. खाली 'सरांचा उंदीर'.

चार दिवस ते चाललं. पहिल्या रात्री माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या रात्री म्हणाला, "तुला म्हटलं होतं मी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळाताई, तुमचा सल्ला चुकला असं म्हणत नाही, पण त्याचं गणितही चुकीचं नव्हतं.

पाचव्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने ग्रुपात लिहिलं, "तेच तेच काय रे. बोअर." ती व्हॉलीबॉलच्या संघात आहे, तिचं सगळे ऐकतात म्हणे. खाली दोघींनी "खरंच" लिहिलं. कुणी भाषण दिलं नाही. मग एकाने क्रिकेटचं काहीतरी टाकलं आणि विषय गेला. दोन्ही स्टिकर त्यानंतर आलेले नाहीत. निदान त्या ग्रुपात. माझ्या भाचीच्या शाळेत, ती दुसऱ्या शाळेत आहे, चिनूचा अजून फिरतोय. तिथे कुणाला तो कोण आहे तेही माहीत नाही.

---

काडेपेटी | सोमवार, रात्री ११:५८

अकोलेकर भेटली म्हणायची.

---

शाळाताई | मंगळवार, सकाळी ८:२०

सायलीताई, गेटवर कोण बघतं हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. यापुढे पालकांना फोनवर बोला असं सांगेन.

त्या मुलीबद्दल: तिला ते म्हणता आलं कारण तिला पुढचा नंबर लागायची भीती नव्हती. पुढच्या वर्षीपासून वर्गात आधी अशी दोन-तीन मुलं हेरून त्यांच्याशी बोलायचा विचार करतेय. तुर्कूकर, किवात असं काही करतात का?

---

तुर्कूकर | मंगळवार, दुपारी १२:३०

हो, ज्यांचं वर्गात वजन आहे अशा दोन-चार मुलांना शिक्षक बाजूला घेऊन सांगतात की याची जरा सोबत करा. मोठं काही करायचं नसतं. मधल्या सुट्टीत शेजारी बसायचं वगैरे.

---

खडीसाखर | मंगळवार, दुपारी १:०५

आणि चिनू?

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

शाळेत येतोय गेल्या बुधवारपासून. त्याच्या आईशी बोलले, नीट बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या, "तीन आठवडे एकाही आईचा फोन आला नाही हो." ग्रुपात तो परत आलेला नाही, आणि आता कुणी ॲडही करत नाही.

मुलाने त्याला एकट्याला मेसेज केला होता, उंदीर प्रकरणाच्या तिसऱ्या दिवशी. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. उत्तर एका शब्दाचं आलं, "हम्म". अजून बोलत नाहीत. चिनू खिडकीकडच्या रांगेत दुसऱ्याच एका मुलाबरोबर बसतो. आज मुलाला विचारलं तर म्हणाला, "त्याने आज माझी पट्टी मागितली." मी म्हटलं, दिलीस ना? तर माझ्याकडे असं बघितलं, की काहीतरीच विचारते ही.